शेजारच्या सीटचा ब्रेक

६ जानेवारी

आज म्हातारीने भर रस्त्यात माझी अब्रू घालवली. म्हातारी म्हणजे आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. निम्म्या गावाला मी हिच्यावर शिकवलंय, कधी कोणाच्या आरशाला ओरखडा गेला नाही. आज ग्रंथपालबाई शिकत होत्या. त्या स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाशी माझा ब्रेक. शिकवणाऱ्याच्या सीटपुढे हा दुसरा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, गोंधळला, की आपण आपल्या बाजूने दाबायचा आणि गाडी जागच्या जागी थांबवायची. सगळा धंदा त्या एका ब्रेकवर चालतो. कडेला एक स्कूटर उभी होती, बाई सरळ तिच्याकडे निघाल्या, मी ब्रेक दाबला. चांगला जोर लावून दाबला. गाडीने ऐकलंच नाही. स्कूटर आडवी झाली आणि मग गाडी थांबली, तीसुद्धा बाईंना त्यांचा स्वतःचा ब्रेक आठवला म्हणून.

स्कूटरवर कोणी नव्हतं. तिचा मालक दुकानातून धावत आला आणि मला नाही नाही ते बोलला. ग्रंथपालबाई त्याची माफी मागत होत्या, माझी मागत होत्या, एकदा तर वाटलं स्कूटरचीही मागतील. मी म्हटलं, बाई, तुमचा काही दोष नाही. ब्रेकची तार ढिली झालीय.

संध्याकाळी मेकॅनिकने तार तपासली आणि म्हणाला, ठणठणीत आहे. हल्लीच्या मेकॅनिकांना ठणठणीत आणि ढिलं यांतला फरक कळत नाही. पोरगी तिथेच होती. स्कूलचं ऑफिस तीच बघते, सकाळचे क्लासही घेते. तिने मेकॅनिकला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं आणि परत येऊन म्हणाली, "बाबा, म्हातारीला आता रजा देऊ या. इलेक्ट्रिक घेऊ. शिकायला येणारे सगळे तेच विचारतात."

मी लगेच हो म्हटलं. जी गाडी ब्रेक मारल्यावर थांबत नाही ती शिकवायला काढायची नाही.

"पण गाडी तुम्ही निवडायची. सगळ्या बघा, चालवा, वेळ घ्या. तुमच्याइतकं यातलं कोणाला कळतं?"

हे मात्र ती खरं बोलली. म्हणून ही वही काढली. गाडी निवडून होईपर्यंत लिहायची.

८ जानेवारी

दोन गाड्यांवर आलोय. बाकीच्या एक तर आपल्या आवाक्याबाहेर किंवा खेळण्यातल्या.

पहिली जुन्या कंपनीची. ही कंपनी माझ्या वडिलांच्या वेळेपासून गाड्या करते. शोरूममध्ये बसायला खुर्ची देतात, चहा विचारतात. विकणारा गृहस्थ टाय लावतो आणि कितीही उकडलं तरी सैल करत नाही. गाडी भक्कम. दार लावलं की धप्प आवाज येतो, कपाटाचं दार लागावं तसा. एसीला खरीखुरी बटणं आहेत, डिकीत स्टेपनी आहे. पण पेट्रोलच्या गाडीच्याच पोटात बॅटरी कोंबलीय हे लपत नाही. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायात तो उंचवटा अजून तसाच. आता त्याखाली काहीही नाही, पण काढायला कोणाला सुचलं नाही. एका चार्जमध्ये जेवढी जाईल म्हणून छापलंय तेवढी जात नाही, हे टायवाल्याने आपण होऊन सांगितलं. मला माणूस आवडला.

दुसरी नव्या कंपनीची. ही काल-परवा जन्माला आली, आधी म्हणे नुसत्या बॅटऱ्या करायची. शोरूममध्ये खुर्ची नाही, उभ्यानेच सगळं. हातात टॅब घेतलेला एक मुलगा माझ्यामागे फिरत होता. दार उघडायला गेलो तर हँडलच नाही. ते दारात लपून बसलं होतं, मी जवळ गेल्यावर बाहेर आलं. आत एक भला मोठा स्क्रीन आणि बाकी सगळा शुकशुकाट. आरसा हलवायचा, स्क्रीन. वारा इकडचा तिकडे करायचा, स्क्रीन. समोरचा कप्पा उघडायचा, तरी स्क्रीन. बॉनेट आणि दिवा यांच्या मधल्या फटीत माझं नख गेलं. मी विचारलं, स्टेपनी कुठाय?

"स्टेपनी नसते काका. पंक्चर झालं तर ॲपवरून कळवायचं."

"आणि ॲप पंक्चर झालं तर?"

तो टॅबमध्ये उत्तर शोधायला लागला.

पळते मात्र चांगली, आणि एका चार्जमध्ये जुनीपेक्षा लांब जाते. एवढं मान्य करायला हवं.

दोघांना माझा पहिला प्रश्न एकच होता, शेजारच्या सीटला ब्रेक बसेल का? टायवाला म्हणाला, बसेल, आमचा फिटर बसवून देईल. टॅबवाला म्हणाला, पूर्ण फ्लोअर म्हणजे बॅटरी आहे काका, तिथे भोक पाडता येत नाही, पाडलं तर वॉरंटी गेली. म्हणजे प्रश्न मिटला. उद्या पोरीला सांगतो, जुन्या कंपनीची घेऊ.

९ जानेवारी

प्रश्न मिटलेला नाही. पोरगी म्हणाली, "एवढ्यात कसं ठरवता बाबा? ब्रेक नीट तपासा ना दोन्हींचे. म्हातारीने दगा दिला तो ब्रेकनेच." बरोबर आहे. पण तपासेपर्यंत क्लासचं काय, तर ग्रंथपालबाईंचे क्लास तिने स्वतःकडे घेतलेत. म्हणे बायकांना बाईच बरी वाटते. इतकी वर्षं बायका माझ्याकडे शिकल्या, त्यांना काय वाईट वाटत होतं? दुपारचे पण घेतलेत. मी नुसता गाड्या बघत हिंडायचं.

१४ जानेवारी

चार्जिंगला गाडी लावून कशी काय वाटते ते बघायला टायवाल्याची गाडी घेऊन गेलो होतो. पोरगी चालवत होती. हल्ली रस्त्यावर तीच चालवते, म्हणते इलेक्ट्रिकवर हात बसायला हवा. तीन चार्जर, त्यातला एक बंद, दुसऱ्याला कोणीतरी गाडी लावून गायब, तिसरा आमचं कार्ड घेईना. हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, चार्जर बंद करून चालू करा. मी म्हटलं, बाई, तो भिंतीला सिमेंटने बसवलाय, कुठे बंद करू? नव्या कंपनीची गाडी शेजारी आली, त्याच तिसऱ्याला लावली, चार्ज होऊन गेली. तिचा मालक आमच्याकडे बघून हसला. मला त्या हसण्याचा जास्त राग आला.

१७ जानेवारी

आज ब्रेकची परीक्षा. पोरीने दोन्ही शोरूमच्या मागे लागून दोन्ही गाड्या मोकळ्या मैदानात आणवल्या. मी खडूची पूड घेऊन आडवी रेघ मारली. रेघेपाशी ब्रेक दाबायचा आणि गाडी कुठे थांबते ते बघायचं, इतकी सोपी गोष्ट. मैदानात चिटपाखरू नव्हतं, पोरीने आधी फिरून खात्री करून घेतली.

निकाल असा. जुन्या कंपनीची गाडी माझ्या हातात रेघेच्या कितीतरी पुढे गेली. परत केलं, परत पुढे. एकदा पेडलला पायच मिळाला नाही, शेजारी भलतीकडेच गेला. पेडल इतकं अरुंद कशाला करतात? नव्या कंपनीची तर वेगळीच तऱ्हा. पाय काढला की ती आपली आपण हळू होते, मी थांबवायच्या आधीच थांबायला बघते. इतका आगाऊपणा मला गाडीत काय, माणसातही चालत नाही. त्यात एकदा मी ब्रेक मारतोय आणि ती सुसाट. टॅबवाला ओरडला, काका, ते ॲक्सिलरेटर आहे. दोन्ही पेडलं सारखीच दिसतात, माणसाने काय करायचं?

मग पोरगी बसली. तिच्या हातात दोन्ही गाड्या बरोब्बर रेघेवर थांबल्या, प्रत्येक वेळी. वजनाने ती माझ्या निम्मी आहे, त्याचा परिणाम होतो.

सारांश, दोन्ही कंपन्यांचे ब्रेक बेभरवशाचे. घरी आल्यावर पोरगी चहासुद्धा न घेता आत गेली. तिचीही निराशा झाली असणार.

१८ जानेवारी

एक गंमत. काल मैदानात पेनाचं टोपण हरवलं होतं, सगळीकडे शोधलं. संध्याकाळी आमच्या हिने माझे बूट काढले तर टोपण बुटात. दिवसभर मी त्याच्यावर उभा होतो, चाललो, गाड्या चालवल्या. तळव्यावर टोपणाचा ठसा उमटला होता आणि थोडं रक्तही. मी हसलो, म्हटलं कातडी गेंड्याची आहे आपली. ही हसली नाही. हल्ली ही रोज संध्याकाळी माझे पाय कोमट पाण्याने पुसते, तेल लावते, चष्मा घालून बोटांच्या मधे बघते. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर एकदम एवढं प्रेम. मी चिडवलं, काय ग, पाद्यपूजा कशासाठी? तर म्हणाली, "गप्प बसा हो जरा. शुगरची गोळी घेतली का?"

घेतली होती. बहुतेक.

२२ जानेवारी

वैताग आलाय. मी म्हणतो जुन्या कंपनीची घेऊ, पोरगी म्हणते तिचं सॉफ्टवेअर मागासलेलं आहे. बरं, मग नवी घेऊ म्हटलं तर म्हणते त्यांचं सर्व्हिस सेंटर लांब आहे. मी म्हटलं, तिसरी बघू, तर म्हणते, बघा ना बाबा, नीट बघा. लग्नाला इतकी स्थळं बघितली नव्हती तिच्या. एवढी चोखंदळ ती कधीपासून झाली? आणि इकडे मी क्लास न घेता नुसता शोरूमच्या पायऱ्या चढउतर करतोय. काल गावातला एक जुना विद्यार्थी भेटला, म्हणाला, सर, रिटायर झालात असं ऐकलं. कोणाकडून ऐकलंस विचारलं तर सांगेना.

मी रिटायर झालेलो नाही. शेजारच्या सीटवर बसणं एवढी एकच गोष्ट मला येते. ती गेली तर सकाळी उठून मी काय करू? वर्तमानपत्र किती वेळ वाचणार?

हे पोरीला सांगितलं पाहिजे. पण ते सांगण्यासारखं नाही.

२५ जानेवारी

टॅबवाल्याने बोलावलं म्हणून पोरीबरोबर गेलो. म्हणाला, तुमच्या ब्रेकचं काम झालं काका. आणि एक लहानसं बटण हातात दिलं, वायर लावलेलं. शेजारी बसून अंगठ्याने दाबायचं, गाडी थांबते. नियमात शेजारी ब्रेक हवा इतकंच आहे, तो पायाचा असावा असं कुठे लिहिलेलं नाही, हेही त्याने शोधून ठेवलं होतं.

मी कपाळाला हात लावला. ब्रेक काय टीव्ही आहे, रिमोटने बंद करायला? ब्रेक पायात असतो. समोर काही आलं की डोक्याला कळायच्या आधी पायाला कळतं, त्यालाच तर अनुभव म्हणतात. अंगठ्याला काय अनुभव?

पोरगी म्हणाली, "एकदा दाबून तर बघा." पोरीचा मान म्हणून मैदानात नेऊन दाबलं. गाडी थांबली. थांबणारच, मैदान मोकळं होतं.

ही जेवताना म्हणाली, "बटण बरं वाटतंय मला." हिने आयुष्यात गाडी चालवलेली नाही. हिला बटणातलं काय कळतं?

२८ जानेवारी

तळपायाची आग मस्तकात गेलीय. टॅबवाला एकटा सापडला तेव्हा मी सहज विचारलं, हे बटण तुमच्या सगळ्या गाड्यांना मिळतं का? तो म्हणाला, "नाही काका, ते ज्यांचे पाय काम करत नाहीत त्यांच्यासाठीच्या सामानातलं आहे. ताई चार-पाच वेळा येऊन गेल्या, मोठ्या साहेबांशी बोलल्या, म्हणून तुमच्यासाठी बाजूच्या सीटला जोडून दिलं."

म्हणजे धडधाकट माणसाच्या गळ्यात हे पांगळ्यांचं सामान मारताहेत. आपल्या गाडीला ब्रेक बसत नाही हे झाकायला काय वाटेल ते. आणि पोरगी इतकी भोळी की स्वतः चार-पाच वेळा जाऊन आली. तिला मी काही बोललो नाही, उगाच वाईट वाटेल. टायवाल्याला फोन केला. परवा फिटर त्यांच्या डेमो गाडीला ब्रेक बसवून दाखवतोय. आता मी कोणाचं ऐकणार नाही.

३० जानेवारी

जुन्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. पोरगी बरोबर आली, नको म्हटलं तरी. फिटर चांगला कामाचा माणूस, डॅशबोर्डखाली डोकं घालून झोपलेला, तोंडात लहान टॉर्च. मी माझ्या सीटवर. पेडल बसवून झाल्यावर त्याने खालून सांगितलं, "दाबा साहेब."

मी दाबला.

"दाबा ना."

"दाबलाय."

"अजून दाबा."

मी इतका जोर लावला की मांडी थरथरायला लागली. म्हटलं, "पूर्ण दाबलाय, तुमचं पेडलच अडकलंय बघा."

तो बाहेर आला. टॉर्च काढला तोंडातून. त्याने माझा बूट दोन्ही हातांनी धरला, उचलला आणि पेडलवर ठेवला. लहान मुलाचा पाय पायडलवर ठेवतात तसा. मग परत खाली गेला आणि म्हणाला, "आता दाबा."

पोरीने हे पाहिलं नाही, नशीब. ती समोरच्या स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीन बंद होता, पण ती एकटक बघत होती, काहीतरी विचारात असेल.

बुटाचे सोल जाड आहेत. उद्या पातळ सोलचे आणतो.

३१ जानेवारी

पातळ सोलचे बूट आणले. दुकानदार विचारत होता, पुढे बोटांना लागतात का? मी म्हटलं, नाही. घरी हिने पाहिलं तर एक नंबर लहान निघाले. दोन्ही अंगठे लाल झाले होते. हिने बूट बदलायला पोरीला पाठवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली.

२ फेब्रुवारी

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. म्हातारी अंगणात उभी होती. मी किल्ली न घेता माझ्या सीटवर जाऊन बसलो. डोळे मिटले. मनात स्कूटर आणली, आणि ब्रेक दाबला.

डोळे उघडले तर पाय चटईवर होता, पेडलच्या शेजारी.

परत केलं. परत चटईवर. मग एकदा पेडलवर होता. मग परत चटईवर. किती वेळ करत बसलो माहीत नाही. चुकत होतं त्याचं एवढं नाही. पण बरोबर पडला तेव्हाही मला डोळे उघडूनच कळलं. पेडलवर काय आणि चटईवर काय, मला आतून दोन्ही सारखंच लागत होतं. म्हणजे काहीच लागत नव्हतं.

तार ठणठणीत होती. म्हातारीने काही केलं नव्हतं. दोन्ही कंपन्यांच्या ब्रेकनेही काही केलं नव्हतं. त्या दिवशी स्कूटरवर तिचा मालक बसलेला असता तर, असं मनात आलं आणि मी सीटवरून खाली उतरलो. ग्रंथपालबाईंनी ब्रेक दाबला म्हणून तेवढ्यावर निभावलं. जी बाई कालपर्यंत गिअरला हात लावायला भीत होती, तिने मला वाचवलं आणि वर माझीच माफी मागितली.

मला भीती वाटतेय. हे मी कोणाजवळ बोलू शकत नाही म्हणून इथे लिहितोय. पायाची वाटतेय, पण त्याहून जास्त शेजारच्या सीटची. आणि या दोघींची. यांना कळलं तर दोघी हाय खातील. पोरगी तर लहानपणापासून माझ्या बाबतीत फार हळवी. अजून कोणाला काही संशय नाही, तोवर मीच काहीतरी करायला हवं.

३ फेब्रुवारी

रात्रभर नीट झोप नव्हती, पण रस्ता सापडला. नव्या कंपनीची घ्यायची. बटणवाली. हाताचे अंगठे माझे अजून जागच्या जागी आहेत, सकाळी दहादा तपासले.

अडचण एकच, इतके दिवस त्या गाडीला शिव्या घातल्यावर आता एकदम कशी घ्यायची? संशय येईल. म्हणून नाश्त्याच्या वेळी अगदी सहज म्हटलं, मी विचार करत होतो, ती नवी कंपनी वाईट नाही तशी.

पोरगी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "पण बाबा, ती बॉनेटची फट?"

"असू दे. फटीतून गाडी चालत नाही."

ही म्हणाली, "आणि स्टेपनी नाही म्हणत होतात."

"स्टेपनी गेल्या दहा वर्षांत काढली कधी?"

"आणि ते बटण?" पोरगी म्हणाली. "तुम्हाला ते आवडत नाही ना? टीव्हीचा रिमोट म्हणत होता."

मी म्हटलं, जमाना बदलतोय, माणसाने बदलायला हवं. पायाचा ब्रेक जुनाट झाला. दोघींनी बरेच आढेवेढे घेतले. पोरीने तर पार सॉफ्टवेअरपासून विम्यापर्यंत सगळं काढलं. मी एकेक मुद्दा खोडून काढला. शेवटी ती म्हणाली, "बरं, तुम्ही म्हणताय तर घेऊ." आणि पटकन उठून आत गेली. बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. ही टेबल पुसत होती, पुसलेलंच परत पुसत होती.

जमलं. दोघींना काही कळलं नाही.

१२ फेब्रुवारी

गाडी परवा आली. तक्रारी लिहून ठेवतो. मागचा दरवाजा एका फटक्यात लागत नाही. पावसाचे वायपर स्क्रीनवर तिसऱ्या पानावर आहेत. रस्त्यात काल एक अपडेट आलं आणि आज हॉर्नचा आवाज बदललेला. गाडी वळताना माझ्याशी बोलते, मी विचारलेलं नसताना. टायवाल्याचा फोन आला होता, म्हणाला, काही चुकलं का आमचं? मी म्हटलं, नाही हो, गाडी तुमचीच चांगली होती. आणि ते खरं आहे. त्या माणसाशी खोटं बोलवेना.

पोरगी म्हणाली, ग्रंथपालबाईंचा क्लास उद्या-परवा तुम्ही घ्या. मी म्हटलं, घाई नको, आधी बटणावर हात बसू दे. खरं म्हणजे त्याच्या आधी मला डॉक्टरकडे जायचंय. पाय कुठपर्यंत गेलाय ते त्याला विचारायचं, आणि बाईंच्या शेजारी बसू की नको तेही. बसू नको म्हणाला तर नाही बसणार. हे लिहायला सोपं आहे.

१४ फेब्रुवारी

सकाळी बूट घातले आणि जाहीर केलं, "जरा टायरवाल्याकडे जाऊन येतो. हवा बघून घेतो." डॉक्टरची वेळ मी गुपचूप फोन करून घेतली होती.

पोरगी म्हणाली, "हवा स्क्रीनवर दिसते ना बाबा?"

"माझा स्क्रीनवर विश्वास नाही."

"बरं, चला, मी नेते तुम्हाला."

नको म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात ही पदर खोचत बाहेर आली. बाहेरची चप्पल पायात, हातात पिशवी. म्हणाली, "मलाही यायचंय टायरच्या दुकानात." मी म्हटलं, तुझं तिथे काय काम? तर म्हणाली, "बघायचंय कसं असतं ते." आणि मागे जाऊन बसली. मी बूट घालायच्या आधी हिने वाकून माझ्या दोन्ही बुटांत बोटं घालून बघितली होती, आत काही आहे का म्हणून. ती रोजच बघते हल्ली, त्यामुळे मला तेव्हा काही वाटलं नाही.

मी पोरीच्या शेजारी बसलो.  पोरीने गाडीचा आवाज बंद केला होता. मी मनात जुळवत होतो, टायरच्या दुकानापाशी उतरायचं, या दोघींना काहीतरी आणायला पाठवायचं आणि मागच्या गल्लीने दवाखाना गाठायचा. चौकात टायरचं दुकान डावीकडे आहे. पोरीने इंडिकेटर उजवीकडचा दिला.

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती. तिला रस्ता विचारावा लागला नाही, दवाखान्याच्या दारात गाडी कुठे लावायची हेसुद्धा तिला माहीत होतं. मी हातरुमाल काढून चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

गाडी थांबल्यावर ही मागून पुढे वाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "टायरवाल्याला सगळं खरं सांगायचं हं."

मी हो म्हणालो.